सर्वश्रेष्ठ कोण? विदर्भ क्रिकेटच्या एका जुन्या वादाचा इतिहास

२ मार्च २०२५ रोजी जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या संध्याकाळी धरमपेठेतल्या एका चहाच्या टपरीवर आम्ही सहा-सात जण जमलो होतो. पहिला चहा संपायच्या आत वाद सुरू झाला. विदर्भाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ क्रिकेटपटू कोण? महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा म्हणाला, "हर्ष दुबे. एका सीझनमध्ये ६९ विकेट म्हणजे विषय संपला." त्याच्या शेजारचा उसळला, "उमेश यादवले विसरून राहिला काय बे?" तिसऱ्याने वसीम जाफरचे नाव घेतले, चौथ्याने फैज फझलचे. एका वयस्कर वकिलांनी सगळ्यांना गप्प करण्याच्या सुरात विचारले, "सी. के. नायडू नागपूरचे होते, हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त गृहस्थ इतका वेळ काही बोलले नव्हते. तरुणपणी ते नागपुरातल्या क्लब क्रिकेटमध्ये धावफलक लिहीत. ते एवढेच म्हणाले, "आमच्या वेळी रणजीच्या वर्षात चार मॅच राहत होत्या. चारच. त्यात कोणी किती विकेटा काढाव्या?"

पुढचे काही महिने मी जुने आकडे आणि वृत्तपत्रांची कात्रणे चाळत होतो, ते त्या एका वाक्यामुळे. असे वाद जगभर चालतात. अमेरिकेत एकेका विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या हाच खल करतात. मुंबईत विजय मर्चंट, गावस्कर आणि तेंडुलकर यांच्यावरून घराघरांत दोन तट आहेत. पण मुंबईच्या वादात एक गोष्ट गृहीत असते, की हे तिघेही मुंबईचे. नागपुरात वाद सुरू होतो तो त्याच्याही आधी. विदर्भाचा म्हणायचे कोणाला, इथूनच.

जो आपला होता, पण आपल्याकडून खेळला नाही

वकिलांचा मुद्दा आधी घेऊ. कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घर तेलुगू भाषक, वडील वकील. शिक्षण नागपुरातच झाले. सेंट फ्रान्सिस डिसेल्स आणि हिस्लॉप ही त्यांच्या शाळांची नावे. १९१६ मध्ये ते हिंदू संघाकडून प्रथम श्रेणीत उतरले. १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि तिथलेच झाले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९२६ मध्ये मुंबईला गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधारपद, १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात पन्नाशीत द्विशतक.

त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू यांचाही जन्म नागपूरचाच. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात ९१७ चेंडू टाकले. इतके चेंडू प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात दुसऱ्या कोणीही टाकलेले नाहीत. तो विक्रमही आपण इंदूरच्या खात्यावर लिहितो.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. सी. के. रणजी करंडकात शेवटचे खेळले ते १९५६-५७ च्या हंगामात, उत्तर प्रदेशाकडून, वयाच्या ६१ व्या वर्षी. विदर्भ या नावाचा संघ रणजीत पहिल्यांदा उतरला तो पुढच्याच हंगामात, १९५७-५८ मध्ये. नागपूरच्या मातीत जन्मलेला सर्वांत मोठा क्रिकेटपटू थांबला आणि त्यानंतर विदर्भाचा संघ सुरू झाला. नायडूंनी विदर्भाकडे पाठ फिरवली, असे काही जण रागाने म्हणतात. पण त्यांच्या खेळाच्या काळात पाठ फिरवायला विदर्भ नावाचा संघच नव्हता.

नकाशा पश्चिमेला, संघ मध्यात

संघ १९५७ मध्येच का जन्मला, याचे उत्तर क्रिकेटमध्ये नाही. नागपूर ही आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या प्रांताचा संघ रणजीच्या अगदी पहिल्या वर्षांपासून खेळत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. नागपूरचे राजधानीपण गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा नागपूर उपराजधानी ठरले आणि हिवाळी अधिवेशनापुरती सत्ता इथे येऊ लागली.

राजकीय नकाशात विदर्भ असा पश्चिमेला सरकला. क्रिकेटचा नकाशा मात्र जागचा हलला नाही. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ राहिले. त्यांपैकी पहिले दोन पश्चिम विभागात आणि विदर्भ मध्य विभागात, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या पंगतीत. मंत्रालय मुंबईला आणि साखळी सामने लखनौ, इंदूर, जयपूर या दिशेला, अशी ही विभागणी.

याचे खेळावर दोन परिणाम झाले. एक, संघाला स्वतःचे नाव मिळाले. विदर्भ हा शब्द राज्याच्या नावात कधी आला नाही, पण धावफलकावर तो दरवर्षी छापला जाऊ लागला. दोन, मोठ्या संघांशी गाठ क्वचितच पडू लागली. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला. तो सगळा काळ विदर्भाच्या बाल्यावस्थेचा. मुंबईशी खेळायचे तर आधी आपला विभाग ओलांडून बाद फेरी गाठायला हवी, आणि विभाग ओलांडणे हीच अडचण होती.

ज्याला पुढे जायचे त्याने दुसरे दार शोधले. हेमंत कानिटकर अमरावतीत जन्मले, खेळले महाराष्ट्राकडून, आणि १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोटी खेळले. नागपूरचे वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य विदर्भाबरोबरच बंगालकडूनही खेळले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भारतासाठी चार एकदिवसीय सामने खेळले. जन्म इथला, नाव तिथले, ही वाट नायडूंनंतरही वापरात राहिली.

चार सामन्यांचा हिशेब

आता त्या निवृत्त गृहस्थांच्या वाक्याकडे येतो. रणजीच्या विभागांत साखळी पद्धत आली तीही १९५७-५८ पासूनच. चार संघांचा विभाग असेल तर एका संघाच्या वाट्याला तीन सामने. पुढे रेल्वे मध्य विभागात आल्यावर संघ पाच झाले आणि सामने चार. बराच काळ हे सामने तीन दिवसांचे असत. विभागात वरचे स्थान मिळाले तरच पुढचा सामना, नाहीतर हंगाम संपला.

हर्ष दुबेचे ६९ बळी हा रणजीच्या एका हंगामातला विक्रम आहे. त्याआधी बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये ६८ बळी घेतले होते, आणि त्याही आधी १९७४-७५ मधला बिशनसिंग बेदींचा ६४ बळींचा विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला होता. २०२४-२५ मध्ये विदर्भ एकूण १० सामने खेळला. साखळीत सात आणि बाद फेरीत तीन. दहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे जास्तीत जास्त २०० गडी बाद होऊ शकतात. त्यांतले ६९ म्हणजे साडेचौतीस टक्के एकट्या दुबेने घेतले. कामगिरी असामान्यच आहे.

हेच प्रमाण चार सामन्यांना लावू. तिथे प्रतिस्पर्ध्यांचे जास्तीत जास्त ८० गडी. त्यांचे साडेचौतीस टक्के म्हणजे सुमारे २८. म्हणजे १९७०-८० च्या दशकात ज्या गोलंदाजाने विदर्भासाठी एका हंगामात २८ बळी घेतले असतील, त्याने आपल्या वाट्याचे काम दुबेइतकेच केले. खरे तर थोडे जास्तच, कारण तीन दिवसांच्या सामन्यात दोन्ही डाव पूर्ण होण्याची खात्री नसे. पण यादीत ६९ च्या खाली २८ लिहिले, की वाचणाऱ्याची नजर तिथे थांबत नाही.

फलंदाजांचेही तेच. वसीम जाफरने २०१८-१९ मध्ये ११ सामन्यांत १०३७ धावा केल्या, म्हणजे दर सामन्याला सुमारे ९४. त्याच गतीने चार सामन्यांत होतात ३७७. आज ३७७ धावांचा हंगाम कोणी लक्षात ठेवत नाही.

हा हिशेब कच्चा आहे, हे मला ठाऊक आहे. खेळपट्ट्या वेगळ्या, प्रतिस्पर्धी वेगळे, आणि जास्त सामने खेळताना येणारा थकवाही वेगळा. चार सामन्यांत चांगला दिसणारा गोलंदाज दहाव्या सामन्यातही तसाच राहिला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. माझा मुद्दा तेवढा नाहीच. हंगाम किती लांबायचा हे संघाच्या ताकदीवर ठरत होते. बलवान संघातल्या गोलंदाजाला बाद फेरीचे जादा सामने मिळत आणि दुबळ्या संघातल्या चांगल्या गोलंदाजाला दोनदा तोटा होई. संघ हरे म्हणून तो दिसत नसे, आणि सामने कमी म्हणून त्याचा आकडा वाढत नसे. प्रीतम गंधे यांनी नव्वदच्या दशकापासून वर्षानुवर्षे विदर्भासाठी ऑफस्पिन टाकली, संघाचे नेतृत्वही केले. टपरीवरच्या त्या वादात त्यांचे नाव तासाभरात एकदाही आले नाही.

रणजी करंडकात सर्वाधिक ६३७ बळी घेणारे राजिंदर गोयल कसोटी खेळले नाहीत. मुंबईचे पद्माकर शिवलकरही नाहीत. पण त्यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल निदान लिहिले-बोलले जाते, कारण त्यांच्यापाशी भले मोठे आकडे आहेत. ज्याला आकडा उभा करण्याइतके सामनेच मिळाले नाहीत, त्याच्या बाजूने बोलायला पुरावा कुठून आणायचा?

आधी मैदान, मग खेळाडू

नागपूरने मोठे क्रिकेट पाहिले ते बराच काळ पाहुण्यांचे. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मध्ये झाली. न्यूझीलंडने ती १६७ धावांनी जिंकली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात याच मैदानावर चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावस्कर यांनी एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक ठोकले. तो सी. के. नायडूंच्या जन्माचा दिवस होता. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याला पहिली कसोटी झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणात १२ बळी घेतले आणि सौरव गांगुलीने निरोप घेतला. नागपूरकरांनी टाळ्या भरपूर वाजवल्या, पण आपल्या पोरासाठी वाजवायची संधी मिळत नव्हती.

ती ६ नोव्हेंबर २०११ रोजी मिळाली. दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध उमेश यादव कसोटीत उतरला. विदर्भाकडून खेळत असताना कसोटी संघात गेलेला हा पहिला खेळाडू. नागपूरला पहिली कसोटी होऊन तोवर ४२ वर्षे झाली होती. उमेश खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. टेनिस बॉलवर वाढलेला. लेदर बॉल हातात आल्यावर दोन-एक वर्षांतच तो रणजी खेळला. ५७ कसोटींत १७० बळी ही त्याची कमाई. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडला केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने ४८ धावांत ७ आणि ३१ धावांत ५ गडी टिपून दोन दिवसांत निकाल लावला. फक्त क्षमता मोजायची असेल, तर विदर्भाच्या टोपीत इतका मोठा गोलंदाज झालेला नाही, असे माझे मत आहे. पण देशासाठी खेळणारा खेळाडू आपल्या संघाला थोडाच मिळतो. त्याचे उत्तम दिवस विदर्भाबाहेर गेले, आणि ते तसेच जायला हवे होते.

जे आपल्याकडे आले

पहिला करंडक आला तो १ जानेवारी २०१८ रोजी, संघ रणजीत उतरल्याला साठ वर्षे झाल्यावर. त्याआधी कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी मात झाली; दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ बळी घेतले. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्याआधी एकदाच, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी केली होती. अक्षय वाडकरने शतक झळकावले. मैदान होते इंदूरचे, होळकरांच्या नावाचे. नागपूरहून गेलेले नायडू जिथे मोठे झाले, तिथेच नागपूरचा संघ पहिल्यांदा विजेता झाला.

पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एका धावेवर रोखले.

या दोन्ही विजयांत मुंबईचा वसीम जाफर होता. चाळिशीत हजार धावा करणाऱ्या जाफरला विदर्भाचा म्हणायचे का? तिसऱ्या विजयातल्या करुण नायरला? त्याने केरळविरुद्ध अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा केल्या आणि पुढच्या हंगामाला तो कर्नाटकात परतला. काही जण त्यांना भाडोत्री म्हणतात. हा शब्द मला मान्य नाही. नायडू इंदूरला गेले तेही निमंत्रणावरूनच. इंदूरकरांनी त्यांना भाडोत्री म्हटले नाही, आपले म्हटले. नायडू नागपूरचे म्हणून अभिमान बाळगायचा आणि जाफर मुंबईचा म्हणून त्याला वगळायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येणार नाही. जन्म हा निकष लावला तर जाफर बाहेर जातो. संघाची टोपी हा निकष लावला तर नायडू बाहेर जातात. दोघेही यादीत हवे असतील, तर ती यादी विदर्भ संघाची न राहता आपल्या अभिमानाची होते.

अभिमानाच्या यादीत आणखी एक मोठी फट आहे. त्या संध्याकाळी घेतलेल्या नावांत एकही बाई नव्हती. नागपूरची मोना मेश्राम २०१२ मध्ये भारताकडून एकदिवसीय खेळली आणि २०१७ च्या विश्वचषकातल्या भारतीय संघात होती. म्हणजे उमेशनंतर वर्षभरातच नागपूरची मुलगी भारताच्या संघात पोहोचली होती. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. पुरुषांच्या रणजीतले चार सामने निदान छापले तरी जात होते. मुलींच्या सामन्यांचे धावफलक बरीच वर्षे वृत्तपत्रांत अभावानेच दिसत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत तुलना करायलाही हाताशी फारसे काही नाही.

माझा कौल

इतके लिहून कौल न देणे म्हणजे पळवाट होईल. नागपूरने घडवलेला सर्वांत मोठा क्रिकेटपटू सी. के. नायडू, यात वाद नाही. विदर्भाच्या टोपीतला सर्वांत मोठा गोलंदाज उमेश यादव. पण विदर्भ संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून मी फैज फझलचे नाव घेईन.

कारण आकडे नव्हेत, जरी नऊ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा कमी नाहीत. नागपुरातच जन्मलेला हा डावखुरा सलामीवीर २००३-०४ मध्ये पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. प्लेट गटात धडपडणारा विदर्भ त्याने पाहिला. २०१७-१८ मध्ये ९१२ धावा करत कर्णधार म्हणून पहिला करंडक उचलला, पुढच्या वर्षी दुसरा. २०१६ मध्ये हरारेला भारताकडून एकच एकदिवसीय सामना मिळाला. त्यात नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा बोलावणे आले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरातच तो थांबला. वर ज्या दोन विदर्भांबद्दल लिहिले, म्हणजे आकडे न साठणारा आणि करंडक जिंकणारा, त्या दोन्हींत तो खेळला. जाफरला पहिला विदर्भ ठाऊक नाही. प्रीतम गंधेंच्या पिढीला खेळाडू म्हणून दुसरा मिळाला नाही. दुबेला दोन्ही मिळून अजून बरेच क्रिकेट खेळायचे आहे. दहा वर्षांनी हा लेख चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

हा कौल मी त्या निवृत्त गृहस्थांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण घरी या एकदा." गेलो. त्यांनी लोखंडी पेटीतून जुनी स्कोअरबुके काढली. क्लबचे सामने, निवड चाचणीचे सामने, शाई फिकी पडलेली. एका पानावर गोलंदाजाच्या नावापुढे सात बळी होते. नाव म्हणजे नुसते आडनाव, आद्याक्षरे नाहीत. नागपुरात त्या आडनावाची शेकडो घरे असतील. मी विचारले, हा कोण? त्यांनी क्षणभरही न थांबता पूर्ण नाव सांगितले. मोहल्ला सांगितला, चेंडू कुठे पडून कसा आत यायचा ते हाताने दाखवले, आणि रणजीच्या संघात तो का घेतला गेला नाही तेही सांगितले.

हे सगळे त्या पानावर कुठेच नव्हते. मी खिशातली वही काढली आणि त्यांना म्हटले, पहिल्या पानापासून सांगा.